दुसरा हात

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने जुनी गाडी घेतली तेव्हा मी पोट धरधरून हसलो होतो. करजणला त्याच्या मामांच्या शेडमध्ये पडून असलेली चौकोनी, छोटी गाडी. टायर बसलेले, मागच्या सीटवर मांजरीने पिल्लं घातलेली. ती टेम्पोत चढवून त्याने गोत्रीला आपल्या सोसायटीत आणली आणि दोन महिन्यांत चालूही केली. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. ज्याला रविवारी दुसरा उद्योग नाही त्याने खुशाल भंगार घरी आणावं.

तक्रार सुरू झाली ती बॉनेटच्या आतल्या रंगावरून. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची एक टोळी आहे आमच्या बडोद्यात. महिन्यातून एकदा सकाळी एका मैदानावर जमतात, गाड्या ओळीने उभ्या करतात, बॉनेटं उघडतात आणि एकमेकांच्या इंजिनात डोकी घालून तासन्तास उभे राहतात. बाहेरून गाडी कितीही चकाचक असो, आत तेलकट, गंजकं दिसलं की मालकाची मान खाली जाते म्हणे. जावईबापूंना मान खाली घालायची नव्हती. इंजिनावरचं टॅपेट कव्हर लाल, बॅटरीचा ट्रे नि हवेच्या फिल्टरचा डबा काळा, बारीकसारीक पट्ट्या चंदेरी, असा त्याचा बेत होता. ते ठीकच. पण त्याने विचारलं कोणाला? मला? छे! मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात अठरा वर्षं रंगाचं काम तपासतो. माझी सही झाल्याशिवाय आमच्याकडून एक पार्ट बाहेर पडत नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! त्याने विचारलं माझ्या बाबांना.

बाबा रेल्वेत पेंटर होते. डब्यांचे नंबर, दारांच्या पट्ट्या, तेलाच्या टाक्या, सगळं त्यांच्या ब्रशाखालून गेलेलं. हात असा, की पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे. मी दहा वर्षांचा असताना घराच्या खिडकीचे गज रंगवायला बसलो होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले, पाच मिनिटं बघितलं आणि माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "तुझा हात जड आहे. सोड," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी ब्रश दिला नाही, मी मागितला नाही. पुढे मी रंगाच्याच खात्यात का गेलो, ते माझं मला माहीत. त्यांनी कधी विचारलं नाही.

आता पंचाहत्तरीला टेकलेले बाबा दर रविवारी सकाळी आठला आंघोळ करून, जुनी खाकी पँट चढवून व्हरांड्यात तयार. मी त्यांना गोत्रीला सोडायचं आणि दुपारी आणायचं. म्हणजे रंगकामात माझा वाटा ड्रायव्हरचा.

आणि तिथे जे चालायचं ते बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. लपवून काय करू? आमच्या घरात बाबा मराठी बोलतात, आणि मराठीत ते फक्त हुकूम सोडतात. पाणी आण. दार लाव. आवाज कमी कर. आमचा जावई गुजराती, त्याच्याशी ते गुजरातीत बोलायचे, आणि गुजरातीत माझा बाप वेगळाच माणूस होता! थट्टा करायचा, टाळ्या द्यायचा, रेल्वेतल्या साहेबांच्या नकला करायचा. "बेटा, रंग लगाडवो एटले वहुने मनाववी. उतावळ करे तो मोढुं फेरवी ले," असं म्हणून दोघं खो खो हसायचे. रंग लावणं म्हणजे बायकोची समजूत काढणं, घाई केली की ती तोंड फिरवते. आयुष्यात एवढा चावट विनोद बाबांनी माझ्यासमोर मराठीत केला असता, तर मी त्याची फ्रेम करून लावली असती.

शिकवायचेही काय हौसेने! आधी रॉकेलने तेल काढ. मग साबण. मग पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन घास, बोटाला खरखर लागली नाही पाहिजे. मग कोरड्या फडक्याने पूस, आणि त्यानंतर त्या जागेला हात लावशील तर हात तोडून टाकीन. जावयाने एक बॅटरीचा ट्रे सगळा रविवार घासला. आणि बाबांनी त्याचा हात हातात घेऊन, उलटसुलट करून बघितला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले, "हळवो हाथ छे एनो." हलका हात आहे याचा. मी फाटकाशी गाडीची किल्ली फिरवत उभा होतो. त्या क्षणी तो ट्रे उचलून त्या हलक्या हातावर आपटावा असं मला वाटलं.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हातारा माणूस रमतोय, रमू दे ने. तुमचं का पोट दुखतंय?" दुखत होतं, म्हणून दुखत होतं. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे आपल्याकडे उगाच नाही म्हणत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांचे थोरले भाऊ, त्यांचे दादा, म्हणजे आमचे काका, शेवटची चार वर्षं कोणालाच ओळखत नव्हते. काकूला 'ओ बाई' म्हणायचे. शर्ट उलटा घालून बसायचे. बाबा दर आठवड्याला त्यांना भेटायला जायचे आणि येऊन पडून राहायचे. तेव्हापासून बाबांना जगात एकाच गोष्टीची भीती. चष्मा सापडला नाही तरी त्यांचा चेहरा उतरायचा. रात्री झोपताना ते इथून भरूचपर्यंतची स्टेशनं पुटपुटतात. विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा, इटोला. सगळी नीट आली की कूस बदलून झोपतात. घरात आम्हाला सगळ्यांना हे माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

तर उतराणीच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दोन दिवस आधीच्या रविवारी दोघांनी टॅपेट कव्हरला लाल रंगाचा पहिला हात दिला. स्प्रेचा डबा, इंजिनाची उष्णता सोसणारा रंग. रंगाच्या एका थराला आम्ही हात म्हणतो. हा रंग जरा नखरेल असतो. पहिल्या हातानंतर तासाभरात दुसरा हात मारला तर चालतो. तो तास चुकला तर मग सरळ आठवडा थांबायचं. कारण वरून सुकलेला दिसला तरी आतून कच्चा असतो, आणि त्यावर नवा हात पडला की खालचा रंग फुगून वर येतो. त्या दिवशी बहिणीने उंधियो केला होता, जेवणं लांबली, तास चुकला. जावई म्हणाला, काही हरकत नाही, मंगळवारी उतराणीची सुट्टी आहे, दुसरा हात मी एकटाच मारीन. बाबा उंधियोची भाजी खाऊन सुस्त झाले होते, मान हलवून मोकळे झाले.

घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे! मंगळवारी कसं चालेल? उफाळून येईल सगळं!" मला म्हणाले, "फोन लाव त्याला. सांग, परवा नको करू. पुढच्या रविवारी मी येतो, मग करू." फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून निरोप माझ्याकडे.

मी जावयाशी नेहमी गुजरातीतच बोलतो. बडोद्यात जन्मलेला माणूस मी, मला गुजरातीला अडचण ती काय? पण त्या दिवशी माझं टाळकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. म्हटलं, आमच्या घरचा जावई आहेस ना, मग ऐक जरा मराठी. फोन लावला आणि बाबांचं वाक्य जसंच्या तसं फेकलं.

"बाबा म्हणालेत, परवा नको करू."

"परवा?" तो म्हणाला.

"हो. परवा नको करू."

तो जोरात हसला. "अरे दादा, हुं क्यां परवा करुं छुं! पप्पाने कहेजो, एकदम बिनधास्त!"

आणि मला तत्क्षणी कळलं. गुजरातीत दोन दिवसांनंतरच्या दिवसाला 'परम दिवसे' म्हणतात. 'परवा' म्हणजे काळजी, फिकीर. नको करू एवढं मराठी त्याला येत होतं. बाबांनी सांगितलंय, फिकीर करू नकोस, असं त्याने ऐकलं. बिनधास्त मार दुसरा हात!

"तसं नाही, मंगळवारी नको," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पुढच्या रविवारचंही सांगायचं होतं. मी नाही सांगितलं. तो पतंगांचं काहीतरी बोलत होता, मी हं हं म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं मी एक अक्षर बोललो नव्हतो, याचंच मला मोठं कौतुक वाटत होतं. "सांगितलंस?" बाबांनी विचारलं. "तुम्ही म्हणालात तेच सांगितलं," मी म्हणालो. मंगळवारी गच्चीवर पतंग उडवताना मला राहून राहून आठवत होतं, की आता गोत्रीला तो डबा हलवत असेल, आता मारत असेल. हलका हात!

पुढच्या रविवारी मी मुद्दाम आत गेलो. जावयाने बॉनेट उघडलं. तो बिचारा आठवडाभर कोणाला काही बोलला नव्हता. कव्हरवर लाल रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या, तापलेल्या दुधावर साय धरते तशा. दोन ठिकाणी रंग फाटून खालचं अॅल्युमिनियम दिसत होतं. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं.

"कधी मारला हा?"

"मंगळवारे."

"अरे, पण मी नको सांगितलं होतं!" बाबा चक्क मराठीत बोलले.

जावई गोंधळला. "पप्पा, तमे ज कहेवडाव्युं ने, के चिंता ना करतो? एटले में मारी दीधो."

बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी असं सांगितलं?" त्यांनी मला विचारलं. "चिंता करू नको, असं?"

"तुम्ही जे म्हणालात तेच मी सांगितलं, बाबा."

पुन्हा तेच वाक्य. या खेपेला मात्र त्याने माझं मलाच कसंतरी झालं. बाबांनी खांद्यावरचं फडकं घडी घालून बॅटरीवर ठेवलं आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ." जावई मागे धावला, भूल मारी छे पप्पा, माझीच चूक, आपण पुन्हा घासू, पुन्हा करू. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत येऊन बसले.

सुंठेवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या रविवारचा उरलेला दिवस मी मजेत काढला. बाबा घरी होते. मी त्यांच्यासमोर पेपर वाचत बसलो, चहा दिला, मॅच लावली. ते बघत होते की नाही, देव जाणे.

सोमवारी फ्रीजवर पहिली चिठ्ठी दिसली. बाबांच्या त्या सुरेख, पेंटरच्या अक्षरात. 'बीपीची गोळी, सकाळ, घेतली.' मग गॅसच्या शेगडीमागे, 'नॉब बघ.' मग बाहेरच्या दारावर, 'किल्ली. चष्मा. फोन.' दुधवाल्याला काय सांगितलं तेही लिहून ठेवायचे. बोलता बोलता मध्येच थांबून मला विचारायचे, "मी आत्ता काय म्हणालो, सांग बघू?" मी सांगितलं की मान हलवायचे. पण माझ्या सांगण्यावरही त्यांचा विश्वास बसलेला दिसत नसे, खिशातला कागद काढून ताडून बघायचे.

दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, आता पुरे. आपली गाडी आहे ना दारात! रविवारी सकाळी बॉनेट उघडलं, रॉकेल, साबण, पेपर, सगळं मांडलं आणि आत जाऊन म्हणालो, "बाबा, माझ्या गाडीचं करू या का आतून? तुम्ही नुसते बसा, सांगा. मी करतो." पस्तीस वर्षांत मी त्यांच्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागत होतो. हे वाक्य मी शनिवारभर घोळवलं होतं.

बाबांनी वर बघितलं. "माझ्याकडून नको शिकू," ते म्हणाले. "मी आता चुकीचं सांगतो. तुझी चांगली गाडी खराब होईल." आणि मग, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असावेत तसं, "दादाचं पण असंच सुरू झालं होतं. आधी एक निरोप चुकला होता."

मी बाहेर जाऊन बॉनेट बंद केलं. त्यांनी मला ज्या कौतुकाने शिकवावं म्हणून मी हा उपद्व्याप केला, ते कौतुकच मी मारून टाकलं होतं. जावयाला नाही आणि मलाही नाही. तरीही बोललो नाही! असा मी निगरगट्ट. उद्या बोलू, संध्याकाळी बोलू, बहीण असताना बोलू. एकदा चोरी पचली की कबूल करायला तोंड कुठून आणायचं?

तिसऱ्या शनिवारी बहिणीने डॉक्टरांची वेळ घेतली. मेंदूचे डॉक्टर, सोमवारी सकाळी. बाबांनीच तिला सांगितलं होतं घ्यायला, मला पत्ताही नव्हता. रविवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो तर ते पलंगावर ताठ बसून कागदावरून पाठ करत होते. आजचा वार. महिना. पंतप्रधान कोण. नातवंडांची नावं. "हे विचारतात म्हणे," मला म्हणाले. "दादाला विचारलं होतं. त्याला वार आला नव्हता." मग डोळे मिटून स्टेशनं म्हणायला लागले. विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा, इटोला... आणि थांबले. ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. भरदिवसा माझ्या बापाच्या कपाळावर घाम आला.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्ही बरोबर सांगितलं होतं."

"काय?"

"निरोप. तुम्ही म्हणालात, परवा नको करू. मी त्याला तेच मराठीत सांगितलं. त्याला वाटलं, पर्वा नको करू. फिकीर नको. मला तेव्हाच कळलं होतं त्याला काय वाटलं ते. मी गप्प बसलो."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. "परवा," ते हळूच म्हणाले. "परवा... पर्वा." आणि मग माझा बाप हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अरे, म्हणजे माझं डोकं शाबूत आहे! मी बरोबर बोललो होतो! नको करू म्हणालो होतो ना मी? मंगळवारी नको, रविवारी, असंच ना?" त्यांनी माझा दंड धरून तीनदा तेच वदवून घेतलं. मी तीनदा सांगितलं. मी शिव्या खायची तयारी करून आलो होतो, एखादी थप्पडसुद्धा चालली असती. त्यांना माझ्याकडे बघायलाच फुरसत नव्हती. ते उठले, फ्रीजवरची चिठ्ठी काढली, शेगडीमागची काढली, दारावरची काढली, चुरगळून खिशात कोंबली. खाकी पँट चढवली.

"मला गोत्रीला जायचंय," ते म्हणाले. "ते कव्हर अजून तसंच असेल. सगळा रंग उतरवून पहिल्यापासून करायला लागेल."

"मी सोडतो," मी म्हणालो, आणि किल्ली घेतली.

ते दारात चपला घालत होते. एक चप्पल घातली आणि दुसरी पायाने ओढता ओढता थांबले. हसू गेलं होतं.

"तीन आठवडे मी चिठ्ठ्या लिहीत होतो," ते म्हणाले. "तू बघत होतास ना?"

"हो, बाबा."

त्यांनी दुसरी चप्पल घातली. "तुझी गाडी नको," ते म्हणाले. "त्याला बोलाव."

मी फोन लावला. जावयाला गोत्रीहून यायला अर्धा तास लागला. उन्हात मी दोनदा म्हटलं, आत येऊन बसा. बाबा फाटकाला हात धरून रस्त्याकडे बघत उभे राहिले, घरात आले नाहीत.